सिस्टिमॅटिक रिव्ह्यू करायचाय? आधी एक वही आणा

दरवर्षी सबमिशनची तारीख जवळ आली की कुणीतरी रेसिडेंट पेन ड्राइव्ह घेऊन माझ्या टेबलाशी येऊन उभा राहतो. "मॅडम, चाळीस पेपर गोळा केलेत. तेवढं मेटा-ॲनालिसिस करून देता?" देते की. आकडे नीट असतील तर ते काम चहा गार व्हायच्या आत होतं. पण त्याआधी मी एक विचारते : हे चाळीसच का? एकेचाळिसावा का नाही? उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं, "सर्च केल्यावर हेच मिळाले." आणि इथेच घोडं पेंड खातं.

सिस्टिमॅटिक रिव्ह्यू म्हणजे एका नेमक्या प्रश्नावर जगभरात झालेले सगळे अभ्यास शोधायचे, आधी जाहीर केलेल्या नियमांनी निवडायचे, त्यांचे दोष तपासायचे आणि जमत असेल तर त्यांचे आकडे एकत्र करायचे. शेवटच्या टप्प्याला मेटा-ॲनालिसिस म्हणतात. तो नसला तरी रिव्ह्यू पूर्ण होतो. आधीचे टप्पे नसतील तर मात्र मेटा-ॲनालिसिस कितीही देखणं असो, त्याला काही अर्थ नाही.

एवढी उठाठेव कशासाठी? हृदयविकाराच्या झटक्यात स्ट्रेप्टोकायनेज शिरेतून देण्याच्या १९५९ ते १९८८ या काळात ३३ चाचण्या झाल्या. १९९२ मध्ये संशोधकांनी त्या तारखेनुसार एकापुढे एक मांडून बेरीज केली, तेव्हा दिसलं की पहिल्या ८ चाचण्या आणि २,४३२ रुग्ण झाले तेव्हाच, म्हणजे १९७३ मध्येच, उत्तर मिळालेलं होतं : औषधाने जीव वाचतात. तरी पुढे आणखी २५ चाचण्या झाल्या, त्यांत ३४,५४२ रुग्ण घेतले गेले आणि कंट्रोल, म्हणजे तुलनेच्या, गटातल्यांना ते औषध मिळालं नाही. बेरीज कुणी केलीच नव्हती.

खालच्या पायऱ्या मी पहिल्यांदाच हे करणाऱ्यांसाठी लिहितेय. उदाहरण शक्यतो एकच धरते, अंगणवाडीत आणि लसीकरणाच्या दिवशी मुलांना चमच्याने पाजतात ते 'अ' जीवनसत्त्व. त्याने बालमृत्यू कमी होतात का? प्रश्न साधा वाटतो. थांबा.

पायरी १ : प्रश्न लिहा आणि वही उघडा

दोनशे पानी वही आणा किंवा सामायिक फाईल उघडा, पण प्रत्येक निर्णय तारखेसह त्यात गेला पाहिजे. प्रश्नाचे चार भाग पाडा : कुणावर, कोणता उपाय, कशाच्या तुलनेत, कोणता परिणाम. सहा महिने ते पाच वर्षांची मुलं. तोंडाने दिलेलं 'अ' जीवनसत्त्व. काहीच नाही किंवा प्लासिबो, म्हणजे औषध नसलेला पण तसाच दिसणारा डोस. कोणत्याही कारणाने झालेला मृत्यू. एक महिन्याखालची बाळं घ्यायची का? जन्मतः दिलेल्या डोसचा प्रश्न वेगळा आहे, म्हणून नाही. लिहा.

मग कोणत्या प्रकारचे अभ्यास? नवखा माणूस हमखास लिहितो, "फक्त रँडमाइज्ड", म्हणजे कोण कोणत्या गटात हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेले अभ्यास. लिहा, पण काय गमावताय ते कळू द्या. नवजात बाळांच्या घरी जाऊन करायच्या काळजीवर कुणी असा नियम लावला, तर गडचिरोलीतल्या 'सर्च' या संस्थेचा अभ्यास बाहेर पडतो. तोच, जो १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. ३९ गावांत घरोघरी काळजी, ४७ गावं तुलनेला, तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदरात ६२ टक्के घट. मात्र कोणती गावं कोणत्या गटात हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं. त्याला बाहेर ठेवणंही योग्य असू शकतं, वेगळ्या तक्त्यात घेणंही. अयोग्य एकच : आकडे बघून मग ठरवणं.

पायरी २ : कुणी आधीच केलाय का, आणि तुमच्याबरोबर कोण आहे

कोक्रेन लायब्ररी (सिस्टिमॅटिक रिव्ह्यूंचा संग्रह), पबमेड (वैद्यकीय पेपरांची शोधसूची) आणि प्रॉस्पेरो या तीन ठिकाणी आधी बघा. प्रॉस्पेरो म्हणजे इंग्लंडातल्या यॉर्क विद्यापीठाने २०११ मध्ये सुरू केलेली रिव्ह्यूंची नोंदवही. तिथे कुणी हाच प्रश्न नोंदवला असेल, तर तो परत करण्यात हशील नाही. एकाच विषयावर दहा-दहा मेटा-ॲनालिसिस पडून आहेत असे विषय काही कमी नाहीत. आपल्याकडे बढतीच्या शोधनिबंधांत रिव्ह्यू धरले जातात, त्यामुळे हा मोह कुठून येतो ते मला कळतं. तरी.

प्रश्न रिकामा सापडला, तर प्रोटोकॉल लिहा आणि चाळणीला, म्हणजे पेपर निवडायला, हात लावण्याआधी प्रॉस्पेरोवर नोंदवा. पैसे लागत नाहीत. पुढे बदल करावा लागला तर करता येतो, फक्त तो तारखेसह सगळ्यांना दिसतो, आणि नोंदीचा उपयोग तोच आहे.

एकट्याने हे होत नाही. निवड आणि माहिती काढणं ही दोन्ही कामं किमान दोघांनी एकमेकांचं न बघता करायची असतात, आणि मतभेद मिटवायला तिसरा लागतो. प्रॉस्पेरोवर नोंदलेल्या रिव्ह्यूंचा हिशेब २०१७ मध्ये छापून आला : नोंदणीपासून प्रसिद्धीपर्यंत सरासरी ६७ आठवडे, लेखक सरासरी पाच. गाईडने "दोन महिन्यांत उरका" म्हटलं, तर हा आकडा नम्रपणे पुढे ठेवा. आणि ग्रंथपालांना पहिल्याच दिवशी भेटा. लोक त्यांच्याकडे पीडीएफ मिळेना की जातात. खरी मदत ते पुढच्या पायरीला करतात.

पायरी ३ : शोध

प्रश्नाच्या प्रत्येक भागासाठी शब्दांचा एक ढीग करा. पहिल्या ढिगात 'व्हिटॅमिन ए', 'रेटिनॉल', 'रेटिनिल' आणि पबमेडचे ठरलेले विषयशब्द, म्हणजे मेश. दुसऱ्यात मूल, बाळ, शाळापूर्व वय. ढिगाच्या आत 'ऑर', दोन ढिगांमध्ये 'अँड'. इंग्रजी स्पेलिंगचे ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही अवतार घ्या; 'पीडियाट्रिक' आणि 'ॲनिमिया' या दोन शब्दांनी किती अभ्यास निसटवले असतील याची गणती नाही. परिणामाचा ढीग, म्हणजे मृत्यू, शक्यतो घालू नका. पुष्कळ पेपरांत मृत्यूचा आकडा आत तक्त्यात असतो, गोषवाऱ्यात त्याचा उल्लेखही नसतो.

शोध बरोबर झाला हे कसं ओळखायचं? विषयातले पाच-सहा नावाजलेले पेपर आधी वहीत लिहून ठेवा. तुमच्या शोधात ते सगळे आले पाहिजेत. एक जरी हुकला, तर का हुकला ते बघा. त्याच्या विषयशब्दांत तुमचा राहून गेलेला शब्द सापडतो.

फक्त पबमेडवर थांबू नका. कोक्रेनची चाचण्यांची यादी, म्हणजे सेंट्रल, बघायचीच. एम्बेस या दुसऱ्या शोधसूचीला वर्गणी लागते. तुमच्या कॉलेजात नसेल तर मोठ्या संस्थेतला सहलेखक शोधा, आणि तेही जमलं नाही तर पेपरात तसं सांगा. त्यानंतर चाचण्यांच्या नोंदवह्या : आपली सीटीआरआय, अमेरिकेची क्लिनिकल ट्रायल्स डॉट गव्ह आणि जागतिक आरोग्य संघटनेचं एकत्रित पोर्टल. सीटीआरआय २००७ मध्ये सुरू झाली आणि २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची तिथे नोंद सक्तीची झाली. तिथे नोंदलेली, संपलेली आणि कुठेच न छापलेली चाचणी सापडली, की तिच्या मुख्य संशोधकाला ईमेल करा. पंधरा दिवसांनी परत करा. तारखा वहीत.

न छापलेलं इतकं का शोधायचं, हे टॅमिफ्लूच्या प्रकरणातून शिकावं. फ्लूच्या या औषधाचा साठा सरकारांनी प्रचंड पैसे ओतून केला. त्याने फ्लूनंतरची गुंतागुंत कमी होते, असं कोक्रेनच्या रिव्ह्यूतही आलं होतं. २००९ मध्ये केइजी हायाशी या जपानी बालरोगतज्ज्ञाने एक शंका लिहून कळवली : तो निष्कर्ष ज्या एका पेपरावर उभा आहे, त्यात १० चाचण्यांची बेरीज आहे आणि त्यातल्या ८ छापूनच आलेल्या नाहीत. तुम्ही त्या पाहिल्यात का? कुणीच पाहिल्या नव्हत्या. मग कंपनीकडे मागणी, नकार, बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकाची जाहीर मोहीम. पूर्ण अहवाल हाती यायला २०१३ उजाडलं. २०१४ च्या रिव्ह्यूत निघालं काय? मोठ्या माणसांचा फ्लू सरासरी ७ दिवसांऐवजी ६.३ दिवसांत उतरतो. इस्पितळात दाखल होण्याचं प्रमाण घटतं असा पुरावा नाही. यात साडेचार वर्षं गेली, आणि हे उघडकीला आलं ते एका वाचकाने संदर्भ नीट वाचला म्हणून.

शोध संपला की प्रत्येक ठिकाणचं शोधसूत्र अक्षर न अक्षर, तारीख आणि सापडलेल्या नोंदींची संख्या वहीत उतरवा. "संबंधित शब्द वापरून शोध घेतला" हे वाक्य पुढे परीक्षकाच्या कामाचं नाही आणि तुमच्याही नाही.

पायरी ४ : चाळणी

सगळ्या नोंदी झोटेरो किंवा रय्यान या सॉफ्टवेअरमध्ये आणा, दुबार काढून टाका. पहिल्या पन्नास नोंदी दोघांनी वेगवेगळ्या चाळून मग समोरासमोर बसा. जिथे भांडाल तिथे नियम संदिग्ध आहे असं समजा. तो दुरुस्त करून पुढे जा. रय्यानमध्ये दुसऱ्याचे निर्णय झाकायची सोय आहे, ती चालू ठेवा. नाहीतर कनिष्ठ रेसिडेंट सीनियरने काय केलंय ते बघून बटण दाबतो. मी स्वतः दाबलेली आहेत.

हिशेब असा जुळला पाहिजे. समजा, १,८४६ नोंदी मिळाल्या. दुबार ४१२ गेल्या, उरल्या १,४३४. शीर्षक आणि गोषवारा वाचून १,३५१ बाद, उरले ८३. सहांची पूर्ण प्रत मिळाली नाही, वाचले ७७. त्यातले ६३ बाद, प्रत्येकाचं कारण लिहून. हाती १४. प्रिस्मा या रिव्ह्यू लिहिण्याच्या नियमावलीतल्या आकृतीत हीच वजाबाकी असते आणि परीक्षक सगळ्यात आधी तीच करून बघतात. आधी सगळं उरकून मग आठवून आठवून आकृती भरणाऱ्यांची वजाबाकी कधीही जुळत नाही.

पायरी ५ : आकडे काढणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबते.

पहिली चूक : पेपर म्हणजे अभ्यास नव्हे. एकाच चाचणीवर तीन पेपर निघतात. एक मृत्यूवर, एक जुलाबावर, एक दोन वर्षांनंतरचा. तिघांना तीन अभ्यास धरलं की तीच मुलं तीनदा मोजली जातात. उलटीवरच्या ऑनडॅनसेट्रॉन या औषधाचा असा तपास १९९७ मध्ये झाला, तेव्हा २८ टक्के रुग्णांची माहिती दुबार छापलेली निघाली आणि ती मोजल्यामुळे औषधाचा गुण २३ टक्के फुगला होता. लेखकांची नावं बदललेली असतात, संदर्भही दिलेला नसतो. म्हणून ठिकाण, काळ, रुग्णसंख्या आणि नोंदणी क्रमांक हे चार रकाने शेजारी-शेजारी ठेवून बघा.

दुसरी : 'प्लस-मायनस'च्या पुढचा आकडा. पेपरात लिहिलंय, हिमोग्लोबिन १०.८ ± ०.१५, मुलं १००. हे ०.१५ स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे मुलामुलांतला फरक, म्हणून भरलंत, तर शंभर मुलांचं हिमोग्लोबिन जवळजवळ सारखं आहे असं होईल. कुठल्या अंगणवाडीत असं असतं? तो स्टँडर्ड एरर, म्हणजे सरासरीतली अनिश्चितता, आहे. त्याला १०० च्या वर्गमुळाने, म्हणजे १० ने गुणा : १.५. आता आकडा माणसांचा वाटतो. ही चूक राहिली की त्या एका छोट्या अभ्यासाला भलतं वजन मिळतं आणि फॉरेस्ट प्लॉटमध्ये, म्हणजे प्रत्येक अभ्यासाची एक रेघ असलेल्या आकृतीत, त्याची रेघ संशय यावा इतकी आखूड दिसते. अशी रेघ दिसली की मूळ पेपर उघडायचा.

तिसरी चूक आपल्या देशातल्या अभ्यासांत फार भेटते. चाचणीत मुलं वाटलेली नसतात, गावं किंवा ब्लॉक वाटलेले असतात. एका गावची मुलं एकमेकांसारखी असतात. तेच पाणी, तीच आशाताई, तोच दवाखाना. त्यामुळे हजार मुलं हजारांइतकी माहिती देत नाहीत. २० गावं, प्रत्येकी ५० मुलं आणि गावातल्या सारखेपणाचा आकडा, म्हणजे आयसीसी, ०.०२ असेल, तर १ + (४९ × ०.०२) = १.९८. हजाराला १.९८ ने भागा : साधारण ५०५. रिव्ह्यूसाठी तुमच्या हातात एवढीच मुलं आहेत. लेखकांनी क्लस्टरचा विचार करून उत्तर दिलं असेल, तर सरळ ते घ्या. कच्च्या आकड्यांवरून स्वतः गुणोत्तर काढू नका.

आमच्या 'अ' जीवनसत्त्वाच्या उदाहरणात हे किती मोठं ठरतं बघा. देवता नावाची चाचणी उत्तर प्रदेशात १९९९ ते २००४ या काळात झाली. मुलं सुमारे १० लाख, पण वाटप ७२ ब्लॉकचं. निकाल : दर सहा महिन्यांनी डोस देऊन मृत्यूत जेमतेम ४ टक्के फरक, तोही निव्वळ योगायोगाने पडू शकेल इतका. आणि छापून कधी आली? २०१३ मध्ये.

पायरी ६ : अभ्यासांचे दोष

रँडमाइज्ड चाचण्यांसाठी २०१९ चं रॉब-टू हे साधन घ्या, इतरांसाठी रॉबिन्स-आय. रॉब-टूमध्ये पाच कप्पे असतात : वाटप कसं झालं, ठरलेला उपाय पाळला गेला का, किती जण गळाले, मोजमाप कसं केलं, आणि हवा तोच निकाल निवडून छापला का. त्याचे गुण देऊन बेरीज करू नका. दहापैकी सात मिळाले, पण कुणाला डोस मिळणार ते आधीच माहीत होतं, अशा चाचणीचा उपयोग काय?

शिवाय, अभ्यास खरोखर झाला का हेही बघायला लागतं. कोविडमध्ये आयव्हरमेक्टिनच्या बाजूने लागलेल्या अनेक मेटा-ॲनालिसिसचा निकाल इजिप्तमधल्या एका प्रीप्रिंटवर, म्हणजे परीक्षकांनी अजून न तपासलेल्या पेपरावर, मोठ्या प्रमाणात टेकला होता. लंडनमधल्या एका विद्यार्थ्याने तो तपासला, तर मजकूर उचललेला आणि आकडे विसंगत. जुलै २०२१ मध्ये प्रीप्रिंट मागे घेतला गेला. तोवर त्याची बेरीज करून सगळे मोकळे झाले होते. निवडलेला प्रत्येक पेपर मागे घेतलेला नाही ना, हे दोनदा बघा. माहिती काढताना आणि छापायला पाठवताना. एआय चॅटबॉटने सुचवलेला संदर्भ तर मूळ जागी सापडेपर्यंत अस्तित्वातच नाही असं धरून चाला.

पायरी ७ : बेरीज करायची का, आणि कोणती

अभ्यास एकमेकांना लागू पडत नसतील, तर बेरीज करू नका. तक्ता करा, शब्दांत लिहा. आय-स्क्वेअर, म्हणजे अभ्यासांच्या निकालांतल्या फरकाचं माप, जास्त आलं की घाबरून अभ्यास वगळत सुटू नका. फरक का आहे, हा प्रश्न उत्तराइतकाच मोलाचा असतो. दहापेक्षा कमी अभ्यास असतील तर फनेल प्लॉट (छोटे, न छापलेले अभ्यास निसटलेत का याचा अंदाज देणारी आकृती) काढून त्यावर परिच्छेद लिहू नका.

आता बेरजेची पद्धत कोणती, फिक्स्ड की रँडम? सॉफ्टवेअरमध्ये ती एक टिचकी आहे. २०१० च्या कोक्रेन रिव्ह्यूत, देवता धरलेली नसताना, 'अ' जीवनसत्त्वाने बालमृत्यू २४ टक्के घटतात असं आलं. २०१७ च्या आवृत्तीत देवता आली. फिक्स्ड इफेक्टने घट १२ टक्के. रँडम इफेक्ट्सने पुन्हा २४. तीच मुलं, तेच मृत्यू!

होतं असं : फिक्स्डमध्ये वजन जवळपास आकारावर मिळतं, म्हणून देवता सिंहाचा वाटा घेते आणि उत्तर आपल्याकडे ओढते. रँडम म्हणतं की प्रत्येक ठिकाणचा खरा परिणामच वेगळा असू शकतो, म्हणून ते वजनं समान होण्याकडे झुकवतं आणि छोट्या, जुन्या, जास्त फायदा दाखवणाऱ्या चाचण्यांना बळ मिळतं. कोणतं बरोबर, यावर जाणती माणसं आजही भांडतात. त्या लेखकांनी १२ हा मुख्य आकडा दिला आणि दुसऱ्याने २४ येतं हेही त्याच गोषवाऱ्यात छापलं. तुम्हीही तसंच करा. फक्त मुख्य कोणता हे प्रोटोकॉलमध्ये आधीच लिहिलेलं हवं. दोन्ही चालवून आवडेल तो ठेवला, तर मग ही सगळी उठाठेव कशाला केली?

पायरी ८ : किती खात्री, आणि कधीपर्यंत

शेवटी ग्रेड, म्हणजे पुराव्याला दर्जा देण्याची पद्धत. पुराव्याची खात्री उच्च, मध्यम, कमी की अगदी कमी, आणि पायरी खाली उतरवली तर कशामुळे. "आणखी संशोधनाची गरज आहे" या वाक्यावर लेख संपवू नका. कोणत्या वयात, कोणत्या भागात, काय मोजायला हवं ते लिहा.

रिव्ह्यू नासतोही. शंभर रिव्ह्यूंचा मागोवा घेणाऱ्या २००७ च्या एका अभ्यासात निम्मे साडेपाच वर्षांत जुने झाले, आणि सात तर छापून आले तेव्हाच जुने होते. म्हणून पाठवण्याआधी शोध परत चालवायचा. वहीत सूत्र जसंच्या तसं असेल तर हे एका सकाळचं काम आहे.

पेन ड्राइव्हवाल्या त्या रेसिडेंटने शेवटी वही केली. चाळीस पेपरांचे चौदा अभ्यास झाले आणि सीटीआरआयवर एक पंधरावा सापडला : नोंदलेला, पूर्ण झालेला, न छापलेला. त्याने तीन ईमेल केले, एक फोन केला. चारही तारखा वहीच्या ६३व्या पानावर आहेत, आणि पाचव्या ओळीत, त्याच्या किरट्या अक्षरात, "उत्तर नाही". पेपर गेला तेव्हा तक्त्यात ती पंधरावी ओळ आम्ही रिकामीच ठेवली.